अडलेला बोल्ट : एक वस्तुपाठ



इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याने मोटारीच्या इंजिनातील एका बोल्टावर लेख लिहावा, याचे तुम्हांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. माझ्यापाशी यंत्रशास्त्राची पदवी नाही; मी कलाशाखेचा पदवीधर आहे. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत करंगळीहून बारीक अशा एका बोल्टाने मला तीन दिवस जे शिकविले, ते तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात निरनिराळ्या धड्यांत विखुरलेले आहे. ते येथे एका ठिकाणी मांडण्याचा हा प्रयत्न आहे. गणिताचे आकडे मी आपल्या शाळेतील विज्ञानशिक्षकांकडून तपासून घेतले आहेत. चुकीचा भाग मात्र सर्वस्वी माझा आहे, आणि तोही या लेखात येणारच आहे.

गाडीची ओळख

आमच्या घरी शिरगावात एक जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. ती १९८५ सालातली. माझ्या वडिलांनी ती दुसऱ्याच्या हातची विकत घेतली, तेव्हा मी रांगत होतो. या गाडीचे कूळ थोडक्यात सांगतो. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. इटलीतील फियाट कंपनीच्या ११०० जातीच्या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. त्याच गाडीला पुढे १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' हे नाव मिळाले. इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरांचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. विसावे शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली.

आमच्या गावाला ही गाडी चांगली परिचित होती. रात्री-अपरात्री कोणाला म्हापशाच्या इस्पितळात न्यावयाचे झाले, की दारावर थाप पडे आणि बाबा उशाखालून किल्ली घेऊन उठत. २०१८ मध्ये त्यांची दृष्टी मंदावली, त्यांनी गाडी चालविणे सोडले, आणि गाडी मांगरात उभी राहिली ती राहिलीच. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी ती चालू स्थितीत तपासणीला न्यावी लागते. यंदा ती मुदत जवळ आली. पन्नास वर्षे पुरी केलेल्या गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पुरातन वाहनांचा निराळा दर्जा दिला आहे. पण आमची गाडी अजून त्या वयाला पोहोचलेली नाही. तेव्हा दोनच मार्ग उरले होते : गाडी चालू करणे, किंवा भंगारात देणे. भंगारवाला येऊन गेलाही. त्याने गाडीचे वजन विचारले. बाबा काही बोलले नाहीत. नुसते आत निघून गेले. त्या संध्याकाळी मी मांगराचे दार उघडले.

इंजिनातील दोष पाहता मोठा नव्हता. इंजिनाच्या माथ्याला, ज्याला 'हेड' म्हणतात त्याला, पुढील बाजूस अॅल्युमिनियमचे एक वाकडे तोंड बसविलेले असते. रेडिएटरकडे जाणारी पाण्याची रबरी नळी त्या तोंडावर चढवितात. तोंडाखालचे पॅकिंग कुजून पाणी गळत होते. पॅकिंग बदलण्यासाठी तोंड काढावयाचे, आणि तोंड काढण्यासाठी त्याचे बोल्ट सोडावयाचे. एक बोल्ट सहज सुटला. दुसरा मात्र जागचा हलेना.

बोल्ट म्हणजे काय?

एका कागदाचा काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोवती गुंडाळून पाहा. त्रिकोणाची तिरकी कड पेन्सिलीभोवती नागमोडी वर चढत जाईल. हाच बोल्टाचा आटा. म्हणजे स्क्रू हा दुसरे काही नसून दांड्याभोवती गुंडाळलेला उतार आहे. मोर्ल्याच्या गडावर नीट सरळ चढून जाणे कठीण, पण वळणावळणाच्या वाटेने तेच चढणे सोपे. वाट लांबते, श्रम विभागले जातात. बोल्टाच्या बाबतीतही हेच घडते.

आमचा बोल्ट ८ मिलिमीटर जाडीचा, तेराचा पाना लागणारा. अशा बोल्टाचे आटे एकमेकांपासून १.२५ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे त्याला एक संपूर्ण फेरा दिला, की तो १.२५ मिलिमीटर पुढे जातो. आता पाना २० सेंटिमीटर लांब धरला, तर त्या एका फेऱ्यात आपला हात २ × ३.१४ × २० = १२५.६ सेंटिमीटर, म्हणजे १२५६ मिलिमीटर फिरतो. १२५६ ला १.२५ ने भागले असता सुमारे १००० येतात. घर्षण मुळीच नसते, तर हाताने लावलेल्या १५ किलो जोराचे बोल्टावर १५,००० किलो ओढ निर्माण करणारे बळ झाले असते! प्रत्यक्षात त्या श्रमाचा सुमारे अर्धा भाग बोल्टाच्या डोक्याखालील घर्षणात जातो, सुमारे चार-दशांश भाग आट्यांच्या घर्षणात जातो, आणि उरलेला जेमतेम एक-दशांश भाग बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. तरीही ती ओढ दीड हजार किलोंच्या घरात भरते.

'बोल्ट ताणणे' हे शब्द वाचून चकित होऊ नका. आवळलेला बोल्ट हा अतिशय ताठ अशा स्प्रिंगसारखा असतो. तो किंचित लांबतो, पूर्ववत होण्यासाठी धडपडतो, आणि त्या धडपडीमुळेच दोन भाग एकमेकांशी घट्ट राहतात. आणि ज्या घर्षणाला आपण श्रमाचा चोर म्हटले, तेच पुढे पहारेकरी होते : गाडी कितीही हादरली तरी बोल्टाला आपोआप उलटे फिरू देत नाही.

येथे पान्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या मनाप्रमाणे आटे पाडी. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसत नसे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे प्रमाण ठरवून दिले. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ साली ६० अंशांचा आटा सुचविला, आणि आजच्या मेट्रिक आट्याचा कोनही ६० अंशांचाच आहे. १९६१ पूर्वीच्या गोव्यात इंग्लिश, जर्मन, इटालियन, अमेरिकन अशा नाना देशांच्या गाड्या धावत असल्यामुळे इंचाचे व मिलिमीटरचे असे दोन्ही पाने जुन्या कारागिरांच्या पेटीत असत. ९/१६ इंचाचा पाना १४.३ मिलिमीटरचा भरतो. तो चौदाच्या डोक्यावर बसल्यासारखा वाटतो, पण जोर पडताच डोक्याचे कोपरे खातो. कोपरे गेलेला बोल्ट सोडविणे म्हणजे कान नसलेला हंडा उचलणे होय.

तो अडतो का?

आपल्या शिरगावच्या मुलांना हे समजावून सांगण्याची तशी गरज पडू नये. कारण आपण राहतो तोच लोखंडाच्या डोंगरात. आपल्या खाणींतून निघणाऱ्या लोहखनिजाला हेमॅटाइट म्हणतात. दोन अणू लोखंडाचे व तीन अणू ऑक्सिजनचे, अशी त्याची घडण. वजनाने पाहिले तर शुद्ध हेमॅटाइटच्या १६० भागांत ११२ भाग, म्हणजे शेकडा ७०, लोखंड असते. १९५० नंतरच्या दशकांत हेच खनिज मुरगावच्या बंदरातून जहाजे भरभरून जपानला जात असे. तेथील भट्ट्यांत प्रचंड उष्णता देऊन त्यातील ऑक्सिजन बाहेर काढावा, तेव्हा कोठे लोखंड हाती येई. परंतु लोखंडाला ऑक्सिजनचा हा वियोग सोसवत नाही. पाणी व हवा मिळताच ते पुन्हा त्याच्याशी संयोग पावते आणि गंज होते. डोंगरातील तांबडे खनिज आणि बोल्टावरील तांबडा गंज ही एकाच कुळातील भावंडे आहेत. खाणीतून निघालेले लोखंड जणू पुन्हा माती होऊन माहेरी जाऊ पाहते.

गोव्यात वर्षाला साधारणपणे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हवेत चार महिने ओल असते. समुद्रावरून येणारा वारा मीठ घेऊन येतो. मिठामुळे पाण्यातून विद्युत्-प्रवाह सुलभतेने वाहतो आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. आता विचार करा : आट्यांच्या फटीत केसाएवढीही जागा नाही, आणि तेथे दुप्पट-चौपट आकाराचा पदार्थ तयार होत आहे. मग बोल्ट फिरणार कसा? तो पाचर मारल्यासारखा अडकून बसतो.

आमच्या बोल्टाच्या ठायी आणखी एक कारण होते. बोल्ट पोलादाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. तुम्ही लिंबात तांब्याची व जस्ताची पट्टी खोचून विजेचा घट तयार करता ना? दोन भिन्न धातू आणि मध्ये क्षार असलेले पाणी एवढे जमले, की घट तयार झाला. व्होल्टाने १८०० साली हेच केले होते. पोलाद, अॅल्युमिनियम आणि मध्ये झिरपलेले इंजिनाचे पाणी यांचाही असाच एक चिमुकला घट आमच्या गाडीत वर्षानुवर्षे चालू होता. या घटात झिजण्याची पाळी अॅल्युमिनियमवर येते. त्याची पांढरी भुकटी होते. तीही फुगते आणि आटे घट्ट धरून ठेवते. बोल्टाच्या डोक्याभोवती मला तशी भुकटी स्पष्ट दिसत होती.

माझी चूक

आता मी कबुली देतो. हा बोल्ट माझ्याच हातून अडला होता.

२००९ साली मी महाविद्यालयात शिकत होतो. तेव्हाही याच तोंडातून पाणी गळू लागले होते. बाबा बाहेरगावी गेले होते. ते येण्यापूर्वी गाडी दुरुस्त करून त्यांना चकित करावे, अशी मला हौस आली. एक बोल्ट हलेना, तेव्हा मी पान्याच्या दांड्यावर पाण्याच्या नळाचा जुना पाइप चढविला आणि सर्व अंगभार घालून खेचले. बोल्ट फिरू लागला. लोण्यात सुरी जावी तसा तो मऊपणे फिरला, तेव्हा मला केवढा आनंद झाला! पुढच्याच क्षणी बोल्टाचे डोके पान्यासकट माझ्या हातात आले आणि दांडा आतच राहिला.

त्याचे गणित आज मला ठाऊक आहे. २० सेंटिमीटरच्या पान्यावर १५ किलो जोर लावला, तर पीळ ३ किलोग्रॅम-मीटर होतो. आठ मिलिमीटरचा साधारण चांगल्या प्रतीचा बोल्ट अडीच किलोग्रॅम-मीटरपर्यंत आवळतात, आणि साडेतीनच्या आसपास पीळ बसला की तो तुटण्याच्या बेतास येतो. म्हणजे नुसत्या हाताच्या जोरानेच आपण धोक्याच्या सीमेजवळ पोहोचलेले असतो. पाइप लावून तोच दांडा ६० सेंटिमीटरचा केला, की त्याच १५ किलोंचा पीळ ९ किलोग्रॅम-मीटर होतो! तरफ जेवढी लांब, तेवढे बळ मोठे, हे आर्किमिडीजने आपल्याला शिकविले. पण लांब तरफ बहिरी असते. बोल्ट खरोखर सुटतो आहे, की पिळवटून तुटतो आहे, हे तिच्या टोकाशी असलेल्या हाताला कळत नाही.

हेड काढून म्हापशाला लेथवर न्यावे लागले. तुटका दांडा छिद्र पाडून काढावा लागला, नवे आटे बसवावे लागले. त्या महिन्यात घरखर्चाची ओढाताण झाली. बाबा मला रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही. मात्र त्यानंतर त्यांनी कधी मला गाडीचे काम सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

हेड परत आल्यावर दुसरा बोल्ट मी घाईघाईने बसविला होता. आटे पुसले नव्हते, तेलाचे बोट लावले नव्हते. तोच हा बोल्ट. सोळा वर्षांनी त्याने आपला हिशेब मांडला होता.

तीन दिवसांचे काम

या खेपेस मी प्रथम डिचोलीच्या एका वयोवृद्ध मेस्तांना बोलावून आणले. त्यांनी बोल्टाकडे पाहिले, नखाने पांढरी भुकटी खरवडली आणि म्हणाले, "सर, बळ करूं नाकात. ताका मातसो वेळ दियात." बळ लावू नका, त्याला थोडा वेळ द्या. पुढे त्यांनी सांगितले ते मी क्रमाने देतो.

पहिले काम निरीक्षण. बोल्टाच्या डोक्याकडे समोरून पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळला जातो आणि उलट दिशेने सुटतो. पण आपण मागल्या बाजूने वा आरशात पाहत असलो, तर दिशा उलटी दिसते, आणि पुष्कळ नवशिके सोडविण्याऐवजी आवळत बसतात. म्हणून आधी दिशा निश्चित करावी.

दुसरे काम स्वच्छता. तारेच्या ब्रशाने डोक्याभोवतीची घाण व भुकटी काढली. पाना डोक्यावर तळापर्यंत बसला पाहिजे. उघड्या तोंडाचा पाना डोक्याच्या दोनच बाजू धरतो. बंद रिंगचा पाना सर्व बाजूंनी धरतो. त्यातही सहा कोनांची रिंग उत्तम.

तिसरे काम तेल. आट्यांत झिरपणारे पातळ तेल बाजारात मिळते. पूर्वीचे लोक रॉकेल किंवा डिझेल वापरीत. ते आत जाते कसे? समईची वात पाहा. वातीचे टोक तेलाच्या वर असूनही तेल धाग्यांमधील सूक्ष्म फटींतून वर चढते. यालाच केशाकर्षण म्हणतात. फट जितकी अरुंद, तितका तेलाचा चढ अधिक. परंतु अरुंद फटीतून चढण्यास वेळ लागतो. त्या दिवशी सकाळी, दुपारी आणि रात्री मी चार-चार थेंब सोडले. प्रत्येक वेळी बोल्टाच्या डोक्यावर पितळेचा तुकडा धरून हातोडीने हलके टोले दिले. या हादऱ्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला नवी वाट मिळते. टोले मोजून द्यावयाचे, रागाने नव्हे.

चौथे काम उष्णता. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवीत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. धाव चाकाहून किंचित लहान केलेली असे. ती विस्तवात तापवीत. तापली की मोठी होई व चाकावर बसे. पाणी ओतले की आवळून धरी. त्या उदाहरणावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानी घ्या : धातूचा भाग तापला की त्यातील भोकही मोठे होते, लहान होत नाही. शिवाय अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. १०० अंशांनी तापविले असता ८ मिलिमीटरचे अॅल्युमिनियममधील भोक सुमारे ०.०१८ मिलिमीटरने वाढते, तर पोलादी बोल्ट सुमारे ०.०१० मिलिमीटरने. फरक एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आठ-नऊ पट, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा सुमारे आठवा हिस्सा. एवढ्याशा फटीचा काय उपयोग, असे वाटेल. परंतु तेलाला तेवढी पुरे होते.

येथे सावधगिरीची सूचना. पेट्रोलच्या गाडीजवळ उघडी ज्योत नेऊ नये. आम्ही पेट्रोलची नळी व कार्ब्युरेटर रिकामा केला, बॅटरी काढून दूर ठेवली, तेल पुसून घेतले, कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवली, मांगराची दोन्ही दारे उघडली, आणि ज्योतीऐवजी गरम हवा फेकणारे विजेचे यंत्र वापरले. उष्णता बोल्टाला नव्हे, त्याच्या सभोवारच्या अॅल्युमिनियमला दिली. ते निवून कोमट झाल्यावरच पुन्हा तेल सोडले. निवताना आकसणारी फट ते तेल आत ओढून घेते. असे दोन दिवसांत पाच वेळा केले. मुलांनी हे काम मोठ्या माणसांवाचून कदापि करू नये.

पाचवे काम पाना लावणे, आणि तेही प्रथम आवळण्याच्या दिशेने! हे ऐकून मी चकित झालो. पण त्यात तर्क आहे. गंजाची पकड ही दोन्ही दिशांना सारखीच असते. किंचित आवळून ती मोडता आली, तर मग सोडविणे सोपे जाते. मात्र हा जोर फार थोडा असावा. एकदा बोल्ट तसूभर हलला, की त्याला सरळ बाहेर ओढू नये. पाव फेरा बाहेर, थोडे आत, तेलाचा थेंब, पुन्हा पाव फेरा बाहेर, असे करावे. कारण मोडलेला गंज आट्यांतच असतो. त्याला बाहेर पडण्यास वाट द्यावी लागते. पाना नेहमी आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. ढकलताना निसटला तर बोटांची सालटी जातात.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाना लावला, तेव्हा बाबा काठी टेकीत मांगरात आले आणि मडगार्डावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना बोल्ट नीट दिसत नव्हता. मी ओढले. काही नाही. पुन्हा ओढले, तर पाना किंचित दबल्यासारखा वाटला. तोच तो मऊपणा. माझ्या हाताला २००९ चा दिवस आठवला आणि मी थांबलो.

कोपऱ्यात नळाचा पाइप पडलेला होता, हे मला ठाऊक होते. बाबांनाही ठाऊक असावे. मी पाना काढून ठेवला, तेल सोडले आणि दहा टोले दिले. मग पुन्हा हवा तापविली, निवू दिली. यात तास गेला. बाबा बसले नाहीत. मी पाना लावताच त्यांनी आपला हात पान्यावर, माझ्या हातावर ठेवला. आम्ही दोघांनी आधी आवळण्याच्या दिशेने थोडा जोर दिला. मग उलट दिशेने.

'टक्' असा आवाज झाला, वाळलेली काटकी मोडावी तसा.

"आयलो मरे!" बाबा म्हणाले.

हा आवाज ओळखण्यास शिका. सुटणारा बोल्ट एकदम टक्कन् बोलतो, आणि मग हाताला पुन्हा विरोध जाणवतो. तुटणारा बोल्ट बोलत नाही. तो मुकाट्याने मऊ होत जातो आणि तुम्हांला फसवितो. बाबांच्या डोळ्यांना बोल्ट दिसला नव्हता, पण त्यांच्या हाताने तो ऐकला होता.

पुढे पाऊण तास आत-बाहेर करीत बोल्ट बाहेर आला. त्याच्या आट्यांत तांबडा व पांढरा चिखल भरलेला होता. बाबांनी तो तळहातावर घेऊन बोटांनी चाचपला आणि माझ्याकडे देत एवढेच सांगितले, की आता बसविताना तेल लाव.

मी नवा बोल्ट आणला. भोकातील आटे टॅप फिरवून स्वच्छ केले. नव्या बोल्टाच्या आट्यांना अडकू न देणारे वंगण लावले, आणि नवे पॅकिंग बसवून आवळला. वंगण लावलेला बोल्ट नेहमीपेक्षा थोड्या कमी जोराने आवळावा, हेही मेस्तांनी सांगून ठेवले होते. कारण घर्षणात जाणारा भाग आता वाचतो आणि तोच बोल्टाला अधिक ताणतो. आणखी काही किरकोळ कामे करून चार दिवसांनी इंजिन सुरू केले. पहिल्यांदा ते खोकले, मग धूर आला, मग चालू झाले. बाबा पुढल्या आसनावर बसले होते. या खेपेस चालविणारा मी होतो. आम्ही श्रीलईराई देवीच्या देवळापर्यंत जाऊन परत आलो. मार्ग एवढासा, पण त्याला सात वर्षे लागली होती. नोंदणीच्या तपासणीसाठी आता गाडी न्यावयाची आहे.

तुटलाच तर

सर्व काळजी घेऊनही एखादा बोल्ट तुटतो. अशा वेळी तुटक्या दांड्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करावी आणि बारीक ड्रिलने छिद्र पाडावे. उलट फिरणारा ड्रिल मिळाला तर तो कधी कधी दांड्यालाच बाहेर घेऊन येतो. दांडा बाहेर डोकावत असेल, तर कुशल वेल्डर त्यावर नट जोडून देतो. जोडताना लागणारी उष्णताच पकड सैल करते. आतले आटे गेले, तर तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसविता येतात. परंतु आपल्या हाताची सीमा कोठे संपते, हे ओळखून जाणत्या माणसाकडे जाणे यात कमीपणा नाही. तो शहाणपणाचाच भाग होय.

मित्रांनो, तुम्हांला पुढे यंत्रे हाताळावयाची आहेत. कोणाला शेतीपंप, कोणाला नौकेचे इंजिन, कोणाला शिवणयंत्र. बळ कोठे लावावे, हे पुस्तक शिकविते. ते केव्हा लावू नये, हे हाताला शिकावे लागते. आणि एक विनंती. कोणतेही काम पुरे करताना, पुढे ते ज्याला उघडावे लागणार आहे त्याची आठवण ठेवा आणि आट्यांना तेलाचे एक बोट लावा. तो मनुष्य तुम्हीच असण्याचा संभव फार आहे.

स्वाध्याय

१. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर १० किलो जोर लावला असता किती किलोग्रॅम-मीटर पीळ पडेल? ८ मिलिमीटरच्या बोल्टास तो सोसेल काय?

२. तीन खिळे घ्या. एक कोरड्या बाटलीत, एक साध्या पाण्यात व एक मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवा. आठ दिवस रोज निरीक्षण करून वहीत नोंद करा. चौथ्या खिळ्याला तेल लावून तो मिठाच्या पाण्यात ठेवा व फरक लिहा.

३. धातूची पट्टी तापविली असता तिच्यातील भोक मोठे का होते, हे बैलगाडीच्या धावेच्या उदाहरणाने आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. तुमच्या घरातील सर्वांत जुने यंत्र कोणते? ते कोणी, केव्हा आणले व आजवर कोणी दुरुस्त केले, हे वडीलधाऱ्यांना विचारून पंधरा ओळी लिहा.